जानेवारीत तरुण संघ रिकामा का होतो?

महोदय,

डिसेंबरभर घरोघरी कॅरल, रात्रीच्या तालमी, नाताळचं नाटक, 25 ची उपासना आणि 31 ची मध्यरात्रीची प्रार्थना. बहुतेक मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, हा सगळा भार तरुण संघातल्या दोन-तीन जणांवरच असतो. गिटार वाजवणारा, माइक लावणारा आणि ग्रुपवर निरोप टाकणारा एकच. मग जानेवारीत तो येईनासा होतो आणि आपण ‘विश्वास थंडावला’ म्हणतो. हे अन्यायाचं आहे. तो थकलेला असतो.

खुणा आधीच दिसतात: बायबल फक्त धडा तयार करण्यापुरतं उघडलं जातं, प्रार्थना चारचौघांतच होते, मुलांच्या साध्या प्रश्नावर चिडचिड होते.

रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. तो पुन्हा झोपला, तेव्हाही खाऊच घातलं (बायबल, 1 राजे 19). मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीने एवढं तरी करावं. प्रत्येक कामाला दोन माणसं, दोन वर्षांनी बदल, आठवड्यातला एक दिवस मंडळीच्या कामाविना आणि जानेवारीचे पहिले दोन रविवार संघाला सुट्टी. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी सभा तर नकोच.

झोप उडाली, कशातच मन रमेना आणि असे दोन आठवडे गेले, तर प्रार्थनेसोबत डॉक्टरही गाठावा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक मंडळीच्या सूचना फलकावर लावायला काहीच खर्च येत नाही.

– तरुण संघाचे काही कार्यकर्ते, अहिल्यानगर