अंड्यांच्या पेटीला कुलपाआधी सावली हवी

महोदय,

घरच्या कोंबड्यांची अंडी रस्त्याकडेच्या पेटीत ठेवायची, शेजारी पैशांचा डबा लावायचा आणि आपण आपल्या कामाला लागायचे. या विश्वासाच्या पेटीविषयी बोलणे निघाले की पहिला प्रश्न ठरलेला : ‘लोक पैसे टाकतात का?’ बहुतेक जण टाकतात. पेटी बंद पडते ती बहुधा मालकाने उन्हाचा, धुण्याचा आणि सुट्या पैशांचा विचार केलेला नसतो म्हणून.

उन्हापासूनच सुरुवात करू. पत्र्याची बंद पेटी दुपारभर उन्हात राहिली, तर आतला पारा बाहेरच्यापेक्षा बराच वर चढतो. अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. उष्णतेत त्यांतून बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड भराभर निघून जातात, पांढरा भाग पातळ होतो, पिवळ्या बलकाचे आवरण सैल पडते. आत साल्मोनेलाचे थोडेसे जंतू असतील, तर त्या आवरणातून झिरपणाऱ्या अन्नावर ते फोफावतात. २० अंशांच्या वर हे सगळे लवकर घडते. कळपात कोंबडा असेल तर आणखी एक भानगड. फलित अंड्यातला गर्भ साधारण २१ अंश सेल्सिअसपर्यंत निपचित असतो, तर उबवणीचे तापमान ३७.५ अंश असते. तापलेली पेटी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येते, आणि मग एखाद्या स्वयंपाकघरात अंडे फुटते तेव्हा बलकावर लाल धाग्यांची जाळी दिसते. असे गिऱ्हाईक तक्रार करत नाही. ते परत येत नाही, एवढेच. अंडी द्यायला कोंबडीला कोंबडा लागत नाही, तेव्हा विक्रीच्या कळपात तो नसलेलाच बरा.

म्हणून पेटी लाकडी करावी, शक्य तर दुहेरी भिंतींची आणि मध्ये थर्माकोल भरलेली. रंग पांढरा. छप्पर चारही बाजूंनी वीतभर बाहेर आलेले हवे, आणि छप्पर व पेटी यांच्यामध्ये दोन बोटांची मोकळी जागा, म्हणजे तापलेले छप्पर आपली ऊब थेट आत सोडत नाही. दोन बाजूंना समोरासमोर भोके पाडून त्यांना बारीक जाळी मारावी. जाळी विसरलात तर पहिली गिऱ्हाइके उंदीर. दाराची बिजागरी वरच्या कडेला बसवावी, म्हणजे हात सोडला की दार आपोआप पडते. चौकटीला रबराची पट्टी नसेल तर मात्र ते आदळून अंड्यांना तडे जातात. विक्री सुरू करण्याआधी कमाल-किमान तापमापक ट्रेच्या उंचीवर दोन उन्हाचे दिवस ठेवून पाहावा. पारा २० अंशांच्या आसपास राहिला तर उत्तम. फारच वर गेला तर पेटीची जागा बदलावी, नाहीतर अंडी फक्त सकाळी आणि संध्याकाळी ठेवावीत.

यावर ‘फ्रिजमधली गार अंडीच पेटीत ठेवू’ हा उपाय सुचतो आणि तो चुकीचा आहे. गार अंड्याला दमट, उबदार हवा लागली की कवचावर दव धरते, आणि ओल्या कवचातून जंतू सहज आत शिरतात. एकदा गार केलेले अंडे शेवटपर्यंत गारच राहायला हवे.

धुण्याचेही तसेच. ताज्या अंड्यावर एक नैसर्गिक लेप असतो, तो छिद्रे झाकतो. पाण्याने तो जातो. त्यातून पाणी गार असेल तर आतला भाग आकसतो आणि कवचावरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. अमेरिकेत दुकानात जाणारी अंडी धुऊन पुढे थंडच ठेवतात. युरोपीय संघात ‘अ’ वर्गाची अंडी साधारणपणे न धुताच विकायची असतात. दोन्ही रीती चालतात, कारण दोन्ही शेवटापर्यंत पाळल्या जातात. पेटीवाले मात्र अर्धी ही आणि अर्धी ती उचलतात : अंडी धुतात आणि उन्हात ठेवतात.

न धुता स्वच्छ अंडी हवी असतील, तर काम खुराड्यात करावे लागते. चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालायचा एक खण, तळाला कोरडा भुसा, आणि बसायची दांडी खणापेक्षा उंच. कोंबडी रात्री सर्वांत उंच जागा शोधते. दांडी खाली असेल तर ती खणातच झोपते आणि सकाळची अंडी विष्ठेत पडतात. बहुतेक अंडी दुपारच्या आत येतात, म्हणून दोनदा गोळा करावीत. खुडूक कोंबडी खणात ठाण मांडून बसू देऊ नये, तिच्या पोटाखालची अंडी तापतात. किरकोळ डाग कोरड्या खरखरीत फडक्याने पुसावा. जास्त मळलेले अंडे विक्रीला नाही.

पेटीत जाण्याआधी प्रत्येक अंडे अंधारात, रुंद टोकाशी बॅटरी धरून पाहावे. केसासारखा तडा आणि रक्ताचा ठिपका तिथे कळतो. पाण्यात तरंगते का ही परीक्षा अंड्याचे वय सांगते, ते निर्धोक आहे की नाही ते सांगत नाही. पातळ कवचाची अंडी वाढली तर खाद्यातला चुना आणि खुराड्यातली उष्णता, दोन्ही तपासावे. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवला की कोंबड्या लागेल तेवढा स्वतःच घेतात. एका ट्रेत एकाच दिवसाची अंडी, निमुळते टोक खाली, आणि तारीख पेन्सिलीने ठळक. जुन्या ट्रेवर नवी अंडी रचू नयेत. दुसऱ्या कुणाचे नाव आणि तारीख छापलेला पुठ्ठा तर नकोच.

आता पैसे. ट्रेची किंमत अशी ठेवावी की एकाच नोटेत किंवा नाण्यात भागेल; त्यासाठी ट्रेमधली अंडी कमी-जास्त करावीत. सुटे नसलेला माणूस ‘उद्या देतो’ म्हणून जातो आणि विसरतो. डबा जाड पत्र्याचा, गोल डोक्याच्या बोल्टने लावलेला, नट आतून. फटीच्या खाली आत एक तिरकी पट्टी हवी, म्हणजे चिकटपट्टी लावलेली काडी घालून नोटा ओढता येत नाहीत. डबा रोज रिकामा करावा. क्यूआर कोड काचेच्या आत लावावा आणि पैसे कोणाच्या नावावर जातील ते शेजारी लिहावे, कारण बाहेर चिकटवलेल्या कोडवर दुसरा कोड डकवायला क्षणही लागत नाही. गेलेले ट्रे आणि जमा रक्कम रोज ताडून पाहावी. रोज थोडी तूट येत असेल तर किंमत गैरसोयीची आहे किंवा पाटी वाचता येत नाही. एकदम सगळेच गेले तर ती चोरी, आणि तिच्यावर उपाय एकच : एका वेळी चार-सहा ट्रेच ठेवणे.

जागा वळणावर नको. गाडी रस्त्यापासून पूर्ण आत घेता आली पाहिजे. रस्ता, खाद्यविक्री आणि पक्ष्यांची नोंदणी यांचे नियम आपापल्या ठिकाणी विचारून घ्यावेत.

गिऱ्हाइकाला कधीच न दिसणारी गोष्ट म्हणजे औषध. जंताचे किंवा प्रतिजैविक औषध दिले असेल, तर वेष्टनावर अंड्यांसाठी लिहिलेली मुदत संपेपर्यंतची अंडी पेटीत येता कामा नयेत. अंड्यांसाठी मुदतच दिलेली नसेल, तर पशुवैद्याला विचारल्याशिवाय विक्री नाही. दिवस लहान झाले किंवा पिसे झडू लागली की अंडी तशीही कमी होतात किंवा थांबतात. भरपूर अंडी देत राहायला कोंबडीला साधारण १४ ते १६ तासांचा उजेड लागतो. अशा दिवसांत पेटीवर ‘आज अंडी नाहीत’ ही पाटी लावावी आणि रस्त्यावर पेटीच्या आधी लावलेली ‘अंडी मिळतील’ ही पाटी त्याच फेरीत काढून आणावी, नाहीतर लोक ब्रेक दाबतात, उतरतात आणि रिकाम्या पेटीचे दार उघडून बघतात.

आपले,
घरगुती कुक्कुटपालन करणारे काही वाचक