चिठ्ठी छापताय, मग मोजायला काय होतं?

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

ईव्हीएमवरची भांडणं वाचून वाचून कंटाळा आला. एक जण म्हणतो मशीन हॅक होतंच, दुसरा म्हणतो हरलेल्यांचं रडगाणं आहे, आणि दोघांपैकी एकालाही मतदान केंद्राच्या आत काय चालतं ते माहीत नसतं. मी रिटायर शिक्षक, नोकरीत इलेक्शन ड्युटी कधी चुकली नाही, केंद्राध्यक्ष म्हणूनही बसलोय, म्हणून हे लिहितोय.

मतदान सुरू व्हायच्या आधी मॉक पोल असतो. उमेदवारांच्या एजंट लोकांसमोर कमीत कमी पन्नास मतं टाकायची, मशीनवरचा आकडा आणि व्हीव्हीपॅटच्या (म्हणजे मत कुणाला गेलं ते कागदावर छापणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या जुळवायच्या, मग सगळं क्लिअर करून सील करायचं. संध्याकाळी क्लोजचं बटण दाबलं की एकूण किती मतं पडली ते फॉर्म १७ सी मध्ये लिहून प्रत्येक एजंटला कॉपी द्यायची. सिस्टीम चांगली आहे हो! पण चौकाचौकात उमेदवाराचे फ्लेक्स आणि सकाळी साडेपाचला केंद्रावर त्याचा माणूस नाही, हे मी स्वतः बघितलंय, आणि १७ सी ची कॉपी न घेताच निघून गेलेले एजंटसुद्धा बघितलेत. २०२४ च्या विधानसभेला संध्याकाळी पाचपर्यंत ५८.२२ टक्के आणि शेवटी ६६.०५ कसे झाले म्हणून केवढा आरडाओरडा झाला, अरे पण सहाच्या आत रांगेत आलेल्या माणसाला नंतर कितीही वाजले तरी मत टाकू द्यावंच लागतं, आणि प्रत्येक केंद्राची १७ सी जमवून बेरीज मारली असती तर शंका एका दिवसात खरी तरी ठरली असती नाहीतर मिटली तरी असती.

पक्षांचं तर बोलायलाच नको. २००९ ला हरल्यावर भाजपवाले मशीनवर संशय घेत होते, आता काँग्रेसवाले घेतात. २०२४ च्या लोकसभेला महाविकास आघाडीला राज्यात ४८ पैकी ३० जागा मिळाल्या तेव्हा मशीन गुणी बाळ होतं.

पण पक्ष सोडा, साधा माणूस काय म्हणतो ते बघा. माळशिरस तालुक्यातलं मारकडवाडी आठवत असेल. तिथं २०२४ च्या विधानसभेला भाजपच्या सातपुतेंना १००३ आणि शरद पवार गटाच्या जानकरांना ८४३ मतं निघाली, गावातले बरेच जण म्हणाले हे आम्हाला पटत नाही, आम्ही आमच्या हिशोबानं ३ डिसेंबरला बॅलेटवर मतदान घेऊन बघतो. गंमत म्हणजे मतदारसंघातून जानकरच निवडून आले होते, म्हणजे जिंकलेल्याच्या बाजूचे लोक तपासा म्हणत होते. प्रशासनानं काय केलं तर जमावबंदी लावली. कायद्यानं ते मतदान चाललं नसतं हे मलाही कळतं, पण मग त्या गावच्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या गावासमोर मोजून दाखवू अशी सोय तरी कायद्यात हवी का नको?

निवडणूक आयोग प्रत्येक वेळी एकच उत्तर देतो, मशीनला नेट नाही, ब्लूटूथ नाही, हॅक होत नाही. मान्य. दुकानदाराचा काटा बरोबर असेलही, पण आकडा गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवायला नको का? जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानं २००९ मध्ये तिथल्या मतदान यंत्रांबद्दल नेमकं हेच धरलं. घोटाळा झाला असं कोर्ट म्हणालंच नाही, जुना निकालही रद्द केला नाही, एवढंच म्हणालं की मतदान आणि मोजणीचे मुख्य टप्पे सामान्य नागरिकाला तांत्रिक ज्ञान नसतानाही तपासता आले पाहिजेत, आणि ते होत नाही म्हणून ती मशीनं घटनाबाह्य.

आपल्याकडे तर तपासायचं साधन तयार आहे. चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. पण मोजतात किती, तर एका विधानसभा मतदारसंघातल्या फक्त पाच केंद्रांच्या. शंभर टक्के मोजा ही मागणी सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या उमेदवाराला पाच टक्के मशीनं तपासून घ्यायची मुभा दिली. त्याची फी लावली मशीनच्या एका सेटला जीएसटी धरून ४७,२०० रुपये, आणि सुरुवातीला तपासणी कशी, तर डेटा काढून टाकायचा आणि परत मॉक पोल घ्यायचा, म्हणजे ज्याच्यावर शंका तेच पुसायचं! फेब्रुवारी २०२५ ला कोर्टालाच सांगावं लागलं की डेटा पुसू नका.

आणि घोळ मशीनचाच असतो असंही नाही. हरियाणात पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावची २०२२ ची सरपंचाची निवडणूक घ्या. एका केंद्रावर दोन उमेदवारांची मतं अदलाबदल होऊन लिहिली गेली. शेवटी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं मशीनं मागवून परत मोजली तेव्हा हरलेला ५१ मतांनी जिंकला. मशीन बरोबर होतं, लिहिणारा माणूस चुकला, आणि ते कळायला जवळपास तीन वर्षं गेली.

आता आपल्या नगरपरिषदा आणि महापालिका. तिथं चिठ्ठी मोजायचा प्रश्नच नाही कारण चिठ्ठीच नाही, व्हीव्हीपॅट लावलंच नाही. राज्य निवडणूक आयोग म्हणतो बहुसदस्यीय प्रभागाला (एका प्रभागातून अनेक नगरसेवक असतात तिथं) चालेल असं व्हीव्हीपॅट अजून तयार नाही. बरं, पण मुंबईत २२७ वॉर्ड आहेत आणि प्रत्येकात एकच नगरसेवक, तिथं कसली अडचण होती?

वेळ लागतो म्हणाल तर नगरपरिषदांचं बहुतेक ठिकाणी मतदान २ डिसेंबर २०२५ ला झालं, दुसऱ्या दिवशी होणारी मोजणी हायकोर्टाच्या आदेशामुळे थेट २१ डिसेंबरला झाली, तोपर्यंत मशीनं स्ट्राँगरूममध्ये आणि बाहेर कार्यकर्ते थंडीत पहारा देत बसलेले. एवढे दिवस निकाल थांबू शकतो तर चिठ्ठ्या मोजायला दोन दिवस जादा गेले म्हणून काय बिघडणार आहे? तुमच्या बातमीदारानं राज्य आयोगाला एवढंच विचारावं की बहुसदस्यीय प्रभागाचं ते व्हीव्हीपॅट कधी येणार, तारीख सांगा, आणि जे उत्तर येईल ते पहिल्या पानावर छापा.

आपला,
एक वाचक, जि. सोलापूर