खांबाला बांधलेलं कॅलेंडर

दादर, मुंबई

प्रिय दिनकर,

सप्रेम नमस्कार. काल काळ्या घोड्याजवळ काम होतं. परतताना एस्प्लनेड मॅन्शनसमोर उभा राहिलो आणि दुसऱ्या मजल्यावरची आपली खिडकी शोधत बसलो.

तुला तो खिळा आठवतो? सरांच्या वकिलीच्या चेंबरमध्ये रुजू झालो त्याच आठवड्यात आपण खांबावर कॅलेंडर लावायला गेलो. खिळा वाकला, दुसराही वाकला. शेवटी सुतळीने बांधलं. पुढची चार वर्षं आपल्या सगळ्या तारखा त्या सुतळीवर लोंबकळत होत्या. अरे, त्या खांबाची हकीकत मी आता नीट वाचली आहे आणि तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बार्टल फ्रिअर मुंबईचा गव्हर्नर असताना इथल्या किल्ल्याची तटबंदी पाडली आणि मोकळी झालेली जागा विकायला काढली. तिथला एक तुकडा जॉन वॉटसन या व्यापाऱ्याने घेतला. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिशचा. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनचं प्रचंड छप्पर उभारण्यातही त्याचा हात होता. बिडाचे खांब इंग्लंडात ओतले, बोटीने आणले आणि १८६७ ते १८६९ या काळात इथे जोडले. सुएझ कालवा उघडला १८६९च्या नोव्हेंबरात. म्हणजे आपला खांब आफ्रिकेला वळसा घालून आला असणार! १८७१मध्ये इथे वॉटसन्स हॉटेल सुरू झालं.

मला सर्वांत मोठं वाटतं ते हे की, या इमारतीचा भार भिंतींवर नाही, लोखंडी सांगाड्यावर आहे. शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग, जिला गगनचुंबी इमारतींची आद्य म्हणतात, ती १८८५ची. आपण तिच्याहून सोळा वर्षांनी थोरल्या वडीलधाऱ्याच्या सावलीत वकालतनामे भरत होतो, दिनकर.

आणि ७ जुलै १८९६ला ल्युमिए बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती याच हॉटेलात. तिकीट एक रुपया. त्या दिवसांतले हे खेळ पाहून आपल्या सावेदादांनी, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली.

पुढे हॉटेल बंद पडलं. सेशन्स कोर्ट शेजारी, म्हणून वकील आले, टायपिस्ट आले, झेरॉक्सवाले आले. खोल्यांच्या केबिनी झाल्या, प्लायवूडवर प्लायवूड चढलं. त्यातलं एक आपण दोघांनी उभं केलेलं, हेही विसरून चालणार नाही. २००५च्या पावसाळ्यात दर्शनी भागाचा काही भाग कोसळून एक माणूस गेला. जगभरच्या जुन्या वास्तू जपणाऱ्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने धोक्यातल्या शंभर वास्तूंत या इमारतीचं नाव घातलं ते त्याच वर्षी. २०१९मध्ये इमारत रिकामी केली. आयआयटीच्या अहवालात ती पाडावी असं म्हटलं होतं, वारसा जपणाऱ्यांनी विरोध केला.

माझं मत सांगतो. खाली चालणाऱ्या माणसाचा जीव आधी, त्यात वाद नाही. पण पोटमाळे, फळ्या, केबिनी हे सगळं आपण नंतर चढवलेलं ओझं आहे. ते उतरवून, गंज खरवडून सांगाडा तपासावा आणि जिथे दुबळा असेल तिथे आधार द्यावा. पाडणं हा शेवटचा उपाय असावा.

तुझ्याकडे आपला तो फोटो असेल, तू टाइपरायटरजवळ उभा, मागे खांब आणि कॅलेंडर. त्याची प्रत पाठव. सुतळी दिसते का तेही बघ. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक