सौना वापरणाऱ्या सभासदांसाठी सूचना
सभासदहो, सौनात एका वेळी १० ते १५ मिनिटंच बसा. नवख्यांनी ५ मिनिटांपासून सुरुवात करावी. आधी आणि नंतर भरपूर पाणी प्या. मद्य घेऊन मात्र कुणीही आत जाऊ नये. उष्णतेने रक्तवाहिन्या आधीच रुंदावलेल्या असतात. त्यात दारूची भर पडली की रक्तदाब घसरून भोवळ येते आणि एकटं असताना ते जिवावर बेतू शकतं.

फिनलंडमधल्या २०१५च्या अभ्यासात आठवड्यातून ४ ते ७ वेळा सौना घेणाऱ्या पुरुषांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले. (ते सौनामुळेच, असं त्यातून सिद्ध होत नाही.) हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर महिलांनी डॉक्टरांना विचारूनच यावं. गरगरलं तर लगेच बाहेर या.