कचरामुक्तीचा संकल्प चाचण्यांनाही लागू हवा

२०३०पर्यंत भारताच्या सर्व अंतराळ मोहिमा कचरामुक्त करण्याच्या ‘इस्रो’च्या संकल्पाविषयीचा लेख वाचला. संकल्प मनापासून पटला. पण तो उपग्रहविरोधी चाचण्यांनाही, म्हणजे क्षेपणास्त्राने उपग्रह फोडण्याच्या चाचण्यांनाही लागू व्हायला हवा; त्यांतून तुकड्यांचा कचराच होतो. २०१९मध्ये ‘मिशन शक्ती’ या अशाच चाचणीसाठी, तुकडे लवकर खाली येऊन नष्ट व्हावेत म्हणून, सुमारे ३०० किलोमीटर इतक्या कमी उंचीवरचे लक्ष्य निवडून आपण संयम दाखवला होता. मात्र अशा विध्वंसक चाचण्या थांबवण्याच्या संयुक्त राष्ट्रांतील डिसेंबर २०२२च्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. पुढे सातच महिन्यांनी ‘चांद्रयान-३’चे उड्डाण अंतराळातील अवशेषाशी संभाव्य टक्कर टाळण्यासाठी ४ सेकंद लांबवावे लागले! सेकंदाला सात-आठ किलोमीटर धावणाऱ्या तुकड्यांचे गणित इतके काटेकोर असते. आपली क्षमता सिद्ध झालेलीच आहे. अशी चाचणी पुन्हा करणार नाही, असे सरकारने आता जाहीर करावे.

– एक वाचक, ठाणे