मुलांनी विचारायचं तरी कुणाला?

संपादक महोदय,

माझी भाची ऐरोलीला राहते, दहावीत आहे. इन्स्टावर कुणीतरी तिचा फोटो एडिट करून धमक्या देत होता आणि पोरीने तीन आठवडे घरात कुणालाच सांगितलं नाही, का तर मोबाईल काढून घेतील म्हणून. शेवटी माझ्याकडे येऊन रडली. तेव्हा आम्ही १०९८ला, म्हणजे चाइल्डलाइन या मदतीच्या हेल्पलाइनला फोन केला, १८ वर्षांखालच्या मुलांसाठी आहे, फ्री आणि २४ तास, पण तिच्या वर्गात हा नंबर कुणालाच माहीत नव्हता!

मन अस्वस्थ असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं. पाळी, पिंपल्स, व्यसन असल्या प्रश्नांसाठी २०१४ पासून केंद्राचा १० ते १९ वयोगटासाठी किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, सरकारी दवाखान्यात समुपदेशन मिळतं, तरी पोरं यूट्यूबवरच शोधतात. दहावीनंतरचं तर क्लासवाले आपलाच कोर्स सांगणार, आयटीआय, पॉलिटेक्निकबद्दल कोण बोलणार?

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सगळ्या शाळांनी हे नंबर निदान टॉयलेटच्या दाराच्या आतल्या बाजूला लावावेत, तिथे कुणी बघत नसताना मुलं शांतपणे वाचतील, आणि पालकांनो प्लीज, मूल काही सांगायला आलं तर आधी मोबाईल हिसकावू नका.

– एक मावशी, कळवा