तक्रार जॉब कार्डवर लिहून घ्या

मा. संपादक,
महागड्या गाड्यांचे इंजिन आणि गिअरबॉक्स लवकर त्रास देतात, अशी कुरकूर हल्ली गोव्यात बरीच ऐकू येते. म्हापशात माझे गॅरेज आहे. वॉरंटी संपली की या गाड्या कंपनीच्या वर्कशॉपचा रस्ता सोडून आमच्याकडे येतात, म्हणून लिहितो.

चवथीच्या तोंडावर अशीच एक गाडी आली. पर्वरीच्या कोंडीत पहिल्या-दुसऱ्या गिअरला झटका मारायची आणि थंड झाली की शहाण्यासारखी चालायची. वॉरंटीत असताना मालकांनी वर्कशॉपला खेटे घातले होते. मी जुनी जॉब कार्डे, म्हणजे गाडी सोडताना वर्कशॉप तक्रार आणि काम लिहून आपली सही घेते ते कागद, मागवली. सगळ्यांवर 'जनरल चेकअप, वॉशिंग' एवढेच. झटक्याचा शब्द नाही. 'ह्या मॉडेलचा गिअर असाच असतो, पात्रांव' असे सांगून बोळवण केलेली. आता गिअरबॉक्सचा मेकाट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलण्याचे काम सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक भाग, गेलाय. त्या खर्चात एखादी जुनी छोटी कार दारात उभी राहील. साठ लाखांची गाडी घेणारा माणूस सही करताना कागद का वाचत नाही, हे मला अजून उमगलेले नाही.

'गिअर असाच असतो' हे उत्तर दरवेळी खरे नसते. २०१३ साली फोक्सवॅगनने सात गिअरच्या ड्युअल क्लच (दोन क्लचच्या, आपोआप गिअर बदलणाऱ्या) गिअरबॉक्समधील सिंथेटिक ऑईल बदलण्यासाठी जगभरातील सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या. उष्ण, दमट हवा आणि थांबत-थांबत चालणारी वाहतूक यांत त्या ऑईलमुळे गिअरबॉक्सच्या वीजपुरवठ्यात बिघाड होऊ शकतो, असे कंपनीनेच सांगितले होते. उष्ण, दमट आणि थांबत-थांबत! पर्वरीचेच वर्णन की हे. तसेच 'लाइफटाइम ऑईल'चे, म्हणजे कधीच बदलावे लागत नाही असे सांगितल्या जाणाऱ्या गिअरबॉक्स ऑईलचे. बऱ्याच महाग गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या आसपास ऑईल बदलायला सांगते. शोरूममध्ये मात्र 'हात लावायची गरज नाही' हेच ऐकायला मिळते.

१ एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम लागू आहेत. सात वर्षांच्या आतील गाड्यांबाबत ठरलेल्या प्रमाणात तक्रारी आल्या, तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकते, दंडही करू शकते. पण तक्रार मालकाने केंद्राच्या पोर्टलवर नोंदवली तरच ती मोजली जाणार. ग्राहक आयोगाकडे जायचे तर दोन वर्षांची मुदत आहे. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर दोन कोटींपर्यंत राज्य आयोग. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच येतो: वॉरंटीत असताना तक्रार केल्याचा कागद कुठे आहे?

तेव्हा गाडी वर्कशॉपमध्ये सोडताना 'गरम झाल्यावर दुसऱ्या गिअरला झटका', 'सकाळी स्टार्ट करताना इंजिनच्या चेनचा खडखडाट' असे आपल्या शब्दांत लिहून घ्या, किलोमीटरचा आकडा टाकायला लावा आणि मगच सही करा. झटका किंवा आवाज मोबाईलवर टिपून ठेवा. सर्व्हिस अॅडव्हायझर लिहायला कांकू करत असेल तर तीच तक्रार लगेच ईमेलने पाठवा. आणि वाहतूक खात्याने राज्यातील सर्व अधिकृत वर्कशॉपना ग्राहकाची तक्रार जशीच्या तशी नोंदवून तिची प्रत देण्याची सूचना काढावी, एवढी विनंती.

– एक गॅरेजमालक, म्हापसा